एकशे चाळीस, नऊ बाद

अंबरनाथ,
२ ऑगस्ट १९८३

श्रीमत् सकलगुणालंकृत, उजव्या पानाचे अधिपती, निर्धावषटकगणनाचतुर, कॉम्प्रेसरगर्जनाविजयी, परलेखणीहारक, उल्हासनगरस्थ चतुर्थ कॅम्पाचे भूषण, सांप्रत ओमानदेशनिवासी, राजमान्य राजश्री भीमराव धोंडिबा रोकडे यांच्या चरणी, निदान चरणांच्या आसपास, डाव्या पानाचे सेवक शरदचंद्र चिंतामणी देवस्थळी यांचा, कंबर धरल्यामुळे साष्टांग नव्हे, परंतु उपलब्ध तितक्या अंगांनी नमस्कार.

पत्रास कारण की, आपण जुलैच्या एकोणीस तारखेस विमानारोहण करून मस्कतास गेलात आणि आपल्या वहीचे उजवे पान पोरके झाले.

तुमच्या कंपनीत परदेशी पत्रे उघडून पाहतात अशी वदंता आहे. त्या अज्ञात अधिकाऱ्याने ‘उजवे पान’ ही हेरगिरीची सांकेतिक भाषा समजू नये, म्हणून पूर्वपीठिका विशद करतो. महाशय, हे भीमराव आणि मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एकाच रसायनांच्या कारखान्यात चौदा वर्षे एकत्र होतो. मी प्रयोगशाळेत, जिथे टाचणी पडली तरी मेमो निघतो. ते कॉम्प्रेसर-हाउसमध्ये, जिथे डोंगर पडला तरी पाळी सुटेपर्यंत कळत नाही. कारखान्याच्या क्रिकेट संघाचे आम्ही दोघे अधिकृत गुणलेखक. वहीचे डावे पान फलंदाजीचे, ते माझे. उजवे गोलंदाजीचे, ते त्यांचे. एकाने दुसऱ्याच्या पानाला पेन लावायचे नाही, आणि डाव संपला की दोन्ही पाने जुळलीच पाहिजेत. मैदान कॉम्प्रेसर-हाउसला चिकटून असल्यामुळे पंच घसा फुटेस्तोवर ओरडला तरी आम्हांस ऐकू येत नसे. सगळा व्यवहार खुणांचा. पंचाने हात आडवा हलवला की चौकार, उचललेल्या गुडघ्याला हात लावला की लेगबाय, आणि खूण पोचल्याची पावती म्हणून भीमरावांनी पत्र्याच्या शेडमधून उजवा हात वर करायचा. तो वर गेल्याखेरीज पुढचा चेंडू टाकीत नसत. कालांतराने हीच वही आणि हेच नियम आम्ही माझ्या घरी रेडिओपुढे बसून भारताच्या सामन्यांना लागू केले. इति पूर्वपीठिका. अधिकाऱ्यांनी आता पाकीट नीट चिकटवून द्यावे.

मूळ मुद्दा पंचवीस जूनचा. लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजचा शेवटचा फलंदाज पायचीत झाला, भारत जगज्जेता झाला, आणि मी डाव्या पानावर त्याची सुवाच्य नोंद करीत असता आपण, आपले बॉलपेन आटल्यामुळे मी औदार्याने दिलेले माझे शाईचे पेन हातात घेऊन जे धावत सुटलात, ते गल्लीच्या तोंडाशी एका अपरिचित रिक्षावाल्याच्या मिठीत सापडलात. शेवटचा बळी आपल्या पानावर लिहिला गेलाच नाही. आजमितीस डावे पान म्हणते, सर्व बाद एकशे चाळीस. उजवे म्हणते, एकशे चाळीस, नऊ बाद. उजव्या पानाच्या मते तो सामना अजून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी वही पुढे केली तेव्हा आपण म्हणालात, “राहू द्या शरदराव. दोन वर्षांनी येऊन लिहीन. काम अर्धं ठेवलं की माणूस परत येतो.” मी ते मान्य केले. आता वही उघडली की मात्र ते नऊ गडी माझ्याकडे पाहत राहतात.

बदलापूरच्या आपल्या इमारतीचा पाया खणून झाला. आपले सात आणि आठ नंबरचे फ्लॅट तूर्त खड्डारूपाने अस्तित्वात आहेत. दोन गॅलऱ्या शेजारी शेजारी, मधल्या कठड्यावर रेडिओ, ही योजना अबाधित आहे. मातोश्री माई विचारते, तिकडे मुगाची खिचडी मिळते का.

आणि ते पेन माझे आहे.

आपला डावा,
शरदचंद्र


मस्कत,
४ सप्टेंबर १९८३

शरदराव यांस सप्रेम जय भीम.

पत्र मिळाले. कोणी फोडलेले नव्हते, त्यामुळे तुमची पूर्वपीठिका मलाच वाचावी लागली. वाचून बरे वाटले.

इथे समुद्राचे पाणी गोड करतात. माझ्याकडे सहा कॉम्प्रेसर आहेत. त्यांच्यापुढे आपले अंबरनाथचे म्हणजे झोपलेली मांजरे. कानात कापूस घालतो, तरी खोलीवर आल्यावर तासभर डोक्यात शिट्टी वाजत राहते. मग रेडिओ लावतो. उशीजवळ धरला की आकाशवाणी लागते.

पेन खिशात आहे. ज्या पेनाने ते पान लिहीत होतो त्याच पेनाने तो बळी लिहिणार. तोवर तुम्ही हात लावू नका.

रखमा कॅम्प चारमध्येच राहील. नव्या घराचा उंबरठा नवराबायकोने मिळूनच ओलांडायचा असे तिचे म्हणणे. अधूनमधून तिची विचारपूस करावी. माईंना सांगा, खिचडी मीच करतो, पण ती खिचडी आहे हे सोबत्यांना सांगावे लागते.

भीमराव


अंबरनाथ,
७ एप्रिल १९८५

मस्कतमार्तंड भीमरावजी यांस,

गेल्या महिन्यात मेलबर्नला आपण पाकिस्तानास नमवून आणखी एक चषक आणला. डावे पान लिहिले. उजवे कोरे. आपल्या वहीचा दाखला घेऊन पुढे कोणी इतिहास लिहिला, तर त्यास असे आढळेल की जुलै त्र्याऐंशीनंतर जगात कोणी गोलंदाजी केलीच नाही, आणि तरीही फलंदाज स्वेच्छेने बाद होत राहिले.

करार संपायला तीन महिने उरले. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला आहे. मी कठड्याची रुंदी मोजून आलो. रेडिओ मावतो.

शरदचंद्र


मस्कत,
१८ ऑगस्ट १९८५

शरदराव,

करार दोन वर्षांनी वाढवला. वाईट वाटून घेऊ नका. रखमाला लिहिले आहे.

एक विनंती. माझा रेडिओ आता नीट लागत नाही, खरखर फार करतो. तेव्हा सामना झाला की नुसता धावफलक पाठवू नका. चेंडूगणिक लिहा. तुम्हांला लिहायला आवडते आणि मला इथे वाचायला दुसरे काही नाही.

भीमराव


बदलापूर,
२८ सप्टेंबर १९८६

समुद्रजलमधुरीकरणधुरंधर भीमरावजी,

पत्त्यावरून ध्यानी आले असेल की आम्ही बदलापूरवासी झालो. सात नंबरात माई, पत्नी वृंदा, कन्या मीनल आणि मी. आठ नंबराची किल्ली माझ्याकडे. दर रविवारी उघडून खिडक्या सताड उघड्या ठेवतो आणि तासाभराने बंद करतो. रिकाम्या घरात माझेच खोकणे मला परत ऐकू येते.

सोबत नऊ पाने जोडली आहेत. मद्रासची कसोटी बरोबरीत सुटली. अनिर्णित नव्हे, बरोबरीत. शतकाहून दीर्घ इतिहासात केवळ दुसऱ्यांदा. शेवटच्या दिवसाची एकेक घटना लिहिली आहे. धावा समसमान झालेल्या, एक चेंडू उरणार, आणि आपला शेवटचा फलंदाज पायचीत. हे पायचीत प्रकरण आपल्या दोघांच्या आयुष्यात फार ढवळाढवळ करते.

माझ्या रेडिओनेही त्या दिवशी श्वास सोडला. कॅम्प चारमधल्या दुरुस्तीवाल्या सिंधी शेठकडे नेला. त्याने मागचे झाकण उघडले, आत पाहिले आणि सहानुभूतीने म्हणाला, “साईं, ये रेडिओ नहीं, बुजुर्ग है. इसको आराम दो.” तरी चालू करून दिला. वाटेत रखमावहिनींकडे डोकावलो. आपण कधी येणार असे विचारल्यावर त्यांनी चहात साखर पुन्हा घातली.

कळवावे की ही नऊ पाने लिहून माझे बोट सुजले आहे.

शरदचंद्र


मस्कत,
९ नोव्हेंबर १९८६

शरदराव,

नऊ पाने पंधरा दिवस पुरवली. रोज अर्धे-पाऊण.

एकच तक्रार. पंचाचे बोट वर गेले तेव्हा लोक ओरडले की गप्प झाले, ते तुम्ही लिहिले नाही. निवेदकाचा आवाज कसा झाला होता? मागे भोंगे वाजत होते का? चेंडू पॅडवर बसल्याचा ठोका रेडिओत आला का? पुढच्या वेळी हेही लिहीत चला. धावा मी वर्तमानपत्रातही वाचीन.

भीमराव


बदलापूर,
२० नोव्हेंबर १९८७

माननीय अतिथी महोदय,

चार वर्षांनी आपण रजेवर आलात. विश्वचषकाचा उपांत्य सामना, तोही वानखेडेवर, आणि आपण नेमके त्या आठवड्यात देशात. यास मी दैवयोग समजलो. कारखान्यात रजा टाकली. कठडा पुसला. वहीत नवे पान आखले, उजवे अधिक निगुतीने. माईने सकाळपासून खिचडीचे मूग निवडले.

आपण नऊला आलात. भेट म्हणून रेडिओ आणि कॅसेटचे टू-इन-वन आणलेत, टेबलावर ठेवलेत, बटणे दाखवलीत. माईने तिकडच्या हवेबद्दल विचारले, तर आपण हसून मान डोलावलीत. मी विचारले, जुनी वही काढू का, तो बळी लिहायचा आहे ना. आपण खिडकीबाहेर पाहत राहिलात. नाणेफेक व्हायच्या आधी उठलात. म्हणालात, “खाली रिक्षा थांबवून ठेवलीय. निघतो.”

मी गॅलरीतून पाहिले. रिक्षा नव्हती. आपण स्टेशनपर्यंत चालत गेलात.

सामना आपण हरलो हे आपणांस ज्ञात असेलच. मी एकट्याने लिहिला. खिचडी तिसऱ्या दिवसापर्यंत पुरली.

जाताजाता सोसायटीचे वर्तमान. सेक्रेटरी मला जिन्यात गाठून म्हणाले, “आठ नंबरवाले काही येत नाहीत. विकायला सांगा ना. आपल्यातलं एक चांगलं गिऱ्हाईक आहे.” मी विचारले, आपल्यातले म्हणजे डावखुरे काय? तेव्हापासून मी जिन्यात दिसलो की ते खालीच थांबतात. मी त्यांस उत्तर दिले खरे. परंतु आपण येणार आहात काय, हे आता आपणच कळवावे.

परदेशच्या वास्तव्याने माणसास जुन्या वह्यांचा कंटाळा येत असल्यास तसे कळवावे. मी किल्ली वहिनींकडे देईन.

श. चिं. देवस्थळी


मस्कत,
१२ जानेवारी १९८८

शरदराव,

चूक माझी. कारण विचारू नका. किल्ली तुमच्याकडेच असू द्या.

भीमराव


बदलापूर,
२० ऑगस्ट १९९०

भीमरावजी,

आपण कारण विचारू नका म्हणालात, म्हणून मी अडीच वर्षे विचारले नाही. माझ्या स्वभावास अनुसरून हा विक्रम समजावा. वानखेडेच्या त्या उपांत्य सामन्यानंतर सुनील नावाचा फलंदाज निवृत्त झाला, सोळा वर्षांचे एक मुंबईकर पोर कराचीत खेळून आले, आणि माझे केस गेले. यांतील कशावरही आपला अभिप्राय प्राप्त झाला नाही.

आज लिहावे लागते ते कुवेतमुळे. वर्तमानपत्रांतले नकाशे पाहून माईने तुमचे मस्कत बोटाने मोजले आणि म्हणाली, फार जवळ आहे रे. म्हणून मी स्टेशनासमोरच्या एसटीडी बूथवरून तीन वेळा फोन लावला. तिन्ही वेळा पलीकडचा गृहस्थ हेच म्हणाला, “भीमराव इधरीच बैठा है, लेकिन फोन पे नहीं आता.” मला मागून तुमचा खाकरण्याचा आवाज ऐकू आला. तो मी पंचवीस कॉम्प्रेसरांतूनही ओळखीन.

बोलू नका. परंतु जिवंत असल्याचे दोन अक्षरांत कळवा. सोबत लॉर्ड्सच्या कसोटीची पाच पाने. फॉलोऑन टाळायला चोवीस धावा हव्या होत्या, शेवटचा जोडीदार समोर उभा, आणि आपल्या पठ्ठ्याने लागोपाठ चार षटकार मारले. पहिल्या षटकाराला निवेदक ओरडला, दुसऱ्याला हसला, तिसऱ्याला त्यास शब्द सुचेना, चौथ्याला नुसते लोकच ऐकू येत होते. आपण आवाज लिहा म्हणाला होतात. लिहिला आहे.

शरदचंद्र


मस्कत,
१६ सप्टेंबर १९९०

शरदराव,

मी सुखरूप आहे. इथे काही झाले नाही. फोन करू नका, पत्र लिहा.

चौथ्या षटकाराचे पान उशाशी ठेवले आहे.

भीमराव


बदलापूर,
१४ मार्च १९९३

श्रीमत् ओमानवृद्ध, पंचमकरारनिबद्ध भीमरावजी यांस,

अभिनव वृत्त. इंग्लंडला आपण तीनशून्य धुतले. मुंबईच्या कसोटीत एका एकवीस वर्षांच्या मुंबईकर डावखुऱ्याने द्विशतक केले. या वेळी मी पाने लिहिली नाहीत. बोटाने असहकार पुकारला आहे. परंतु विज्ञान माझ्या साहाय्यास धावून आले. तुम्ही दिलेल्या टू-इन-वनवर त्या दिवसाचे समालोचन मी कॅसेटमध्ये मुद्रित केले. एक तास. निवेदक, लोक, भोंगे, चेंडूचा ठोका, सगळे तुमच्या मागणीबरहुकूम. आमच्या कारखान्यातले श्यामकांत मस्कतला कन्येकडे निघाले आहेत, त्यांच्या हाती पाठवीत आहे.

मी कल्पना करतो की आपण खोलीत बसून ही ऐकाल. त्याच तासाला मीही इथे गॅलरीत बसेन. दहा वर्षे होत आली. तेवढेच एकत्र ऐकणे.

कशी वाटली ते सविस्तर कळवा.

शरदचंद्र


मस्कत,
१८ एप्रिल १९९३

शरदराव,

कॅसेट मिळाली. तीन वेळा ऐकली. काय तो लोकांचा कल्लोळ. निवेदकाचा चढता सूर, मागचे भोंगे, चेंडूचा ठोका, सगळे अगदी स्पष्ट आले आहे. डोळे मिटले की वानखेडेवर बसल्यासारखे वाटते. तुमच्या विज्ञानाला माझा सलाम.

भीमराव


बदलापूर,
९ मे १९९३

रा. रा. भीमराव रोकडे यांस,

वानखेडेची ती कॅसेट काल मला आमच्याच घरी, मीनलच्या कपाटात सापडली. तिने डब्या बदलल्या होत्या. आपणांस जी गेली, ती माईच्या भजनी मंडळाच्या तालमीची. तीत एक तास टाळ आहेत, पेटी आहे, आणि मध्येमध्ये शेजारच्या गंगूकाकूंचा खोकला आहे. माई दोन महिने ती शोधीत आहे.

आपण ती तीन वेळा ऐकलीत आणि त्यात आपणांस भोंगे आढळले.

मी आता पदव्या लिहीत नाही. एवढेच विचारतो. लावून पाहावीशीही वाटली नाही का? ‘वेळ नाही’ असे लिहिले असते तरी चालले असते. खोटी स्तुती ही परक्यांसाठी असते. किल्ली कोणाकडे देऊ?

देवस्थळी


मस्कत,
३० मे १९९३

शरदराव,

कॅसेट लावली होती. तीन वेळा लावली. यंत्रावर हात ठेवून बसलो होतो. हाताला काहीतरी हलत असल्याचे कळत होते. ते टाळ असतील.

मला ऐकू येत नाही. पंच्याऐंशी साली डावा कान गेला, सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात उजवा. कॉम्प्रेसरने खाल्ले. रेडिओ बिघडला असे तुम्हांला लिहिले, तो बिघडला नव्हता. कानात बसवायचे यंत्र घेऊन पाहिले. त्यातून गोंगाट येतो, शब्द येत नाहीत. इथे चार्ट वाचून काम होते, कोणाशी बोलावे लागत नाही, म्हणून करार वाढवीत गेलो. टीव्हीवर सामने दिसतात. चेंडू दिसतो, माणसे तोंड उघडताना दिसतात. काचेच्या डब्यातले मासे पाहावे तसे.

त्या दिवशी तुमच्याकडे आलो ते सांगायचे ठरवूनच. माईंनी काहीतरी विचारले, मी अंदाजाने हसलो. मग तुम्ही रेडिओ लावलात आणि तुमचा चेहरा उजळला. मला काहीच ऐकू आले नाही. पुढचे सात तास तुमच्या चेहऱ्याकडे पाहत बसायचे, आणि तुम्ही मला ओरडून, दया येऊन, एकेक धाव सांगायची, हे मला झेपले नसते. म्हणून रिक्षाची थाप मारली. ते घर आपण ऐकायला घेतले होते. बहिऱ्याने तिथे येऊन करायचे काय?

रखमाला ठाऊक आहे. तिला शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नका.

तुम्ही आवाज लिहीत गेलात. मद्रास, मग तो चौथा षटकार. गेल्या आठ वर्षांत मी जे क्रिकेट ऐकले ते फक्त तुमच्या अक्षरात. म्हणून कॅसेट आली तेव्हा खरे लिहायची भीती वाटली. वाटले, कळले की तुम्ही पत्रे थांबवाल आणि नुसती विचारपूस कराल.

माईंची कॅसेट परत पाठवतो. घर विकायचे तर विका. सही करून कागद पाठवीन. पण शेवटचा बळी तुम्ही लिहू नका. तो तसाच राहू द्या.

भीमराव


बदलापूर,
२५ जून १९९३

भीमा,

आज दहा वर्षे झाली. पदव्या लिहायला बसलो होतो, एकही सुचली नाही.

तुझे पत्र मी तीनदा वाचले, मग वृंदाला दिले. माईला मीच वाचून दाखवले. तिने उठून त्या खिचडीच्या दिवशी तुझ्यासाठी ठेवलेली ताटवाटी कपाटातून काढली, पुसली, परत ठेवली. मग मला म्हणाली, “त्याला लिही, मी विचारलं होतं ते एवढंच, की हवा मानवते का.”

मी मूर्ख आहे. तू खिडकीबाहेर पाहत होतास, हे मी पत्रात लिहिले, पण मला दिसले नाही. फोनवर तुझे खाकरणे ओळखतो म्हणून मिरवले. तू आवाज लिहायला सांगितलेस तेव्हाही मला वाटले, माझ्या लेखनशैलीची वाहवा चालली आहे.

आता माझे ऐक, म्हणजे वाच. आपण दोघांनी ऐकून वही लिहिली कधी? एमआयडीसीच्या त्या मैदानावर आपण दोघेही बहिरेच होतो. कॉम्प्रेसरच्या भिंतीला पाठ लावून चौदा वर्षे बसलो. पंच खूण करी, तू हात वर करीस, आणि एकदाही तुझे पान चुकले नाही. चुकले असेल तर माझेच. रेडिओ ही नंतरची चैन.

तेव्हा योजना अशी. मी ऐकेन. उभा राहून खुणा करीन, अगदी पंचासारख्या. गोलंदाज बदलला की पाटीवर लिहीन. तू हात वर करायचा आणि उजवे पान लिहायचे. तुझा हात वर गेल्याखेरीज मी पुढचा चेंडू ऐकणार नाही, मग आकाशवाणी तो टाकून का मोकळी होईना. दया वगैरे करायला मला सवड मिळणार नाही. मी पन्नाशीचा आहे आणि लेगबायला एका पायावर उभे राहावे लागते.

काल संध्याकाळी गॅलरीत सराव केला. वाइडसाठी दोन्ही हात पसरले तेव्हा खालून सेक्रेटरी पाहत होते. त्यांनी मीनलला विचारले, बाबांना बरं नाही का. ती म्हणाली, “काका, बाबा पंच बनतायत, आठ नंबरवाले येणार आहेत.”

तिने सांगून टाकले आहे. आता तिला खोटी पाडू नकोस.

आठ नंबर कोणी विकत नाही. खिडक्या उघड्या आहेत.

ये.

शरद


मस्कत,
११ जुलै १९९३

शरदराव,

नोटीस दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस सुटतो. रखमाला सांगा, उंबरठा धुवून ठेव म्हणावे.

लेगबायला उजवा गुडघा उचलायचा की डावा, याचा सराव नीट करा. मी चुकीच्या खुणेला हात वर करणार नाही.

भीमराव


फ्लॅट नंबर सात, बदलापूर,
२५ नोव्हेंबर १९९३

श्रीमत् सकलगुणालंकृत, उजव्या पानाचे पुनरागत सार्वभौम, मस्कतमुक्त, हस्तोन्नयनकलानिधी, फ्लॅट-अष्टम-नरेश, राजमान्य राजश्री भीमराव धोंडिबा रोकडे यांस, नऊ इंच जाडीच्या भिंतीपलीकडून, दोन्ही खांदे आखडलेल्या शरदचंद्र चिंतामणी देवस्थळी यांचा, मान हलवूनच, नमस्कार.

आपणांशी लेखी व्यवहार करणे आता प्राप्तच आहे, आणि दहा वर्षांची सवय सुटतही नाही, म्हणून हे पत्र मीनलच्या हस्ते दारातून सरकवीत आहे.

कालचा कलकत्त्याचा सामना इतिहासात कसा नोंदला जाईल ते मला ठाऊक नाही. आपल्या वहीत तो दोन्ही पानांवर नोंदला आहे. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि तीनच निघाल्या. त्या सहा चेंडूंना प्रत्येक खुणेनंतर मी आपल्या हाताकडे पाहत उभा होतो. आपण तो सावकाश वर केलात, जणू आपणांस कोठे जायचे नाही. एका चेंडूला आकाशवाणी पुढे निघून गेली आणि मी थांबलो. रखमावहिनी आणि माई आतून पाहत होत्या. सामना जिंकल्यावर इमारत ओरडली ती मी आपणांस खुणेने सांगू शकलो नाही. त्यास पंचाची खूण नाही. आपण कठड्यावर तळवा टेकवलात आणि म्हणालात, “कळलं.”

नंतर जुनी वही काढली. आपण पेन काढलेत, दौतीत बुडवलेत, आणि त्र्याऐंशीच्या उजव्या पानावर दहावा बळी लिहिलात. अक्षर वाईट आले आहे. पाने जुळवली. एकशे चाळीस. सर्व बाद. मला वाटले होते, ते पान पूर्ण झाले की फार आनंद होईल. झाला. पण ते नऊ गडी दहा वर्षे माझ्याकडे पाहत होते. आज वही उघडली तर कोणीच पाहीना.

असो. मूळ मुद्दा पेनाचा.

पेन आपण परत केलेत, त्याबद्दल आभार. टोपण परत केले नाहीत. पंचवीस जून त्र्याऐंशी रोजी आपण धावलात तेव्हा पेनाला टोपण होते. मी स्वतः ते मागील टोकास लावून दिले होते. काल ते पेन विश्वासाने खिशात ठेवून मी झोपलो आणि माझा निळा सदरा, जो वृंदाने दिवाळीस घेतला, डाव्या बाजूने कायमचा काळा झाला. तो सकाळपासून बादलीत भिजत आहे. या विषयावर मी आपणांस एकवार खुणेने, एकवार पाटीवर आणि एकवार चिठ्ठीने विचारले. आपण तिन्ही वेळा शांतपणे उजवा हात वर केलात आणि चहा पीत राहिलात.

पावती पोचली. टोपण कुठे आहे?